स्पॅनिश आडनाव 'एक्सपोसितो'चा अर्थ काय? हे आडनाव असलेले सगळे एकाच घराण्यातले का?

नाही, एकाच घराण्यातले मुळीच नाहीत. लॅटिन 'एक्सपोझितुस', म्हणजे बाहेर ठेवलेला, यावरून हे आडनाव आलं. चर्चच्या किंवा अनाथालयाच्या दारात सोडलेल्या बाळाचे आईबाप ठाऊक नसत, म्हणून त्याला हेच आडनाव लावत. बऱ्याच अनाथालयांच्या भिंतीत फिरता लाकडी कप्पा असे, त्याला 'तोर्नो' म्हणत. बाहेरून बाळ ठेवायचं, कप्पा फिरवायचा, की आतलं माणूस उचलून घेई. ठेवणाऱ्या आईचा चेहरा आत कुणाला दिसत नसे. मला तरी हे वाचताना गलबलून येतं.

पुढे मुलं, नातवंडं झाली तरी नावावरचा डाग पुसला जाईना. 1794 मध्ये राजा चौथा कार्लोस याने फर्मान काढलं: या मुलांना कायद्याने औरस मानावं, आणि त्यांना अनौरस म्हणून हिणवणाऱ्याला शिक्षा व्हावी. 1921 पासून आडनाव बदलण्याची मुभा मिळाली. तरीही अनेकांनी ते ठेवलं.

स्पेनखेरीज लॅटिन अमेरिकेतही ते आढळतं. इटलीतलं 'एस्पोझितो' याचंच भावंड, नेपल्स भागात फार प्रचलित.