बासरी बेसूर लागते, बदलू का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात सहा महिन्यांपासून पांढरी तीनची (पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीचा सा असलेली) बासरी शिकताय. फोनमधल्या ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या अ‍ॅपवर, सकाळी सा उतरलेला दिसतो, दुपारी चढलेला, आणि ग तर कधीच जुळत नाही. इतक्यात बासरी बदलू नका.

सा वरखाली होतो तो हवेमुळे. तापमान एका अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि सूर चढतो. आपल्याकडची जानेवारीतली १० अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ४५ अंशांची दुपार धरली, तर हिशेबाने जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक येतो. फुंकेची ऊब आत असते म्हणून प्रत्यक्षात तो कमी पडतो, पण पडतोच. धरमपेठेत गच्चीवर थंडीत रियाज करायचो तेव्हा मी पहिली दहा मिनिटं नुसते मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले, लांब सूर भरायचो. बासरी तापली की मगच सा तपासायचा.

ग चुकतोय असं मला वाटत नाही. ट्यूनर बारा सारख्या भागांच्या सप्तकावर चालतो. तानपुऱ्यात विरघळणारा शुद्ध गंधार त्याहून सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो. म्हणजे तुमचा ग सुरेल लागला, की काटा डावीकडेच जाणार! सा एकदा बघून घ्या आणि फोन उलटा ठेवा. पुढचं कानावर सोडा.

खरी मेहनत शुद्ध मध्यमावर आहे, कारण तो पहिलं छिद्र अर्धं झाकून काढायचा असतो. बोट उचलू नका, जागेवरच किंचित कलतं करा. माझा म वर्षभर तीव्र मध्यमाकडे, म्हणजे वर, ओढला जायचा. शेवटी तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावून रोज तेवढा एकच स्वर धरला, तेव्हा कुठे तो बसला.

फुंकेकडेही लक्ष द्या. जोर वाढला की सूर चढतो. अशा वेळी बासरी ओठाकडे थोडी वळवा, फुंकेचं छिद्र जास्त झाकलं जाऊन सूर उतरतो. तार, म्हणजे वरच्या, सप्तकात हे सारखं करावं लागतं.

आणि कूलरसमोर बसून वाजवू नका. त्याच्या घरघरीत तानपुरा ऐकू येत नाही, वरून वाऱ्याने फुंक फाटते. मे महिन्यात मी पहाटे पाचला बसतो, कूलर बंद करून.