जुना कॅसेट डेक घेताना आधी काय बघाल

तीन हेडचा डेक मिळाला तर उत्तमच. हेड म्हणजे टेपला टेकून आवाज उतरवणारा, वाचणारा किंवा पुसणारा भाग. रेकॉर्ड करतानाच टेपवर काय उतरतंय ते ऐकता येतं. पण दमलेल्या तीन हेडवाल्यापेक्षा दोन हेडचा धडधाकट डेक केव्हाही बरा. हेडवर टॉर्च मारून बघा. नख हलकेच फिरवल्यावर ठळक खाच लागली, तर तो डेक सोडून द्या.

पिंच रोलरचं, म्हणजे टेप पुढे सरकवणाऱ्या छोट्या चाकाचं, रबर कडक, चकचकीत झालं असेल तर टेप त्याच्याभोवती गुंडाळली जाऊन अडकते. मोटर फिरते पण टेप हलत नाही? बहुधा बेल्ट सैल झालाय किंवा वितळलाय. रोलर आणि बेल्ट दोन्ही बदलता येतात, घाबरू नका.

मग पियानोची कॅसेट लावा. लांबलेला सूर थरथरला तर वेग स्थिर नाही. आवाज दबका वाटला तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा. तरीही दबकाच राहिला, तर बहुधा हेडचा कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ, हललाय.