मुंबई ते ऑकलंड : अंतर किती आणि वाट कोणती

सप्रेम नमस्कार.

सत्तरीच्या आई आणि लहान मुलीसह कोल्हापूरहून ऑकलंडला स्थायिक होण्याचे आपण ठरवले आहे आणि मुंबईपासून तेथवरचे विमानाचे अंतर किती, तसेच दुबईमार्गे मिळणारे थोडे स्वस्त तिकीट घ्यावे का, असे विचारले आहे. मीही मूळचा राजारामपुरीतला आणि आता ऑकलंडला राहणारा असल्याने सविस्तर लिहितो.

या दोन विमानतळांमधले अंतर सुमारे १२,३०० किलोमीटर आहे. पृथ्वीगोलावर या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला तर जी सर्वांत आखूड रेषा मिळते, तिची ही लांबी. प्रत्यक्षात वारे, वादळे आणि ठरलेले हवाई मार्ग यांमुळे विमान याहून थोडे अधिकच उडते. थेट विमान सध्या नसल्याने मधला थांबा कोठे घ्यावा, हाच विचार महत्त्वाचा ठरतो.

सिंगापूर जवळजवळ त्या आखूड रेषेवरच वसलेले आहे. मुंबईहून तेथवर सुमारे ३,९०० आणि पुढे ऑकलंडपर्यंत ८,४०० किलोमीटर, म्हणजे बेरीज थेट अंतराइतकीच भरते. दुबईला जायचे तर आधी १,९०० किलोमीटर उलट दिशेला, पश्चिमेकडे जावे लागते आणि तेथून ऑकलंड १४,२०० किलोमीटर दूर आहे. एकूण प्रवास पावणेचार हजार किलोमीटरहून अधिक वाढतो, आकाशात चार-पाच तास जादा जातात आणि त्यातला दुसरा टप्पा सलग सोळा तासांच्या आसपासचा असतो. आईंना एवढा वेळ एका जागी बसवून काही हजार रुपये वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सिडनी किंवा मेलबर्नमार्गे जाण्याचा विचार असेल, तर भारतीय पासपोर्टवर ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा आधी काढावा लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. न्यूझीलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असते आणि सप्टेंबरअखेरपासून एप्रिलच्या आरंभापर्यंत साडेसात तास. जाताना तेवढे वजा केल्यावरच खरा प्रवासकाळ कळतो. परतताना वरच्या थरातले पश्चिमेचे वारे समोरून येत असल्याने सिंगापूरपर्यंतचा टप्पा अधिक वेळ घेतो, हेही आईंना एकट्याने परत पाठवताना लक्षात असू द्यावे.

राहिला कोल्हापूर ते मुंबई हा टप्पा, ज्याचा हिशेब बहुतेकजण करतच नाहीत. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईला विमान आहे, परंतु ते तिकीट वेगळे काढले असेल आणि पावसामुळे उशीर होऊन पुढचे विमान चुकले, तर त्याची जबाबदारी पुढची कंपनी घेत नाही. शिवाय देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही सहसा कमी असते. संसार बांधून निघणाऱ्या कुटुंबाने महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघावे, सकाळी मुंबईत उतरून नातेवाइकांकडे दिवसभर विश्रांती घ्यावी आणि रात्रीचे सिंगापूरचे विमान पकडावे. त्यासाठी तिकीट काढतानाच मुंबईहून रात्री उशिरा सुटणारे विमान निवडावे.