केबल बदलून आवाजाची बोच जाते का?

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे दोन बुकशेल्फ स्पीकर आणि साधा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आहे. सहा महिन्यांपूर्वी नवीन फ्लॅटमध्ये आलो, तेव्हापासून गायिकांचा वरचा सूर आणि पेटी कानात अक्षरशः घुसते, जरा आवाज वाढवला की घरातले लगेच कमी करायला लावतात. दुकानदार म्हणतो तुमची वायर चांदीच्या मुलाम्याची आहे म्हणून आवाज टोचतो, शुद्ध तांब्याची भारी केबल घ्या, मिडरेंज, म्हणजे मधल्या पट्ट्यातला आवाज, मऊ होईल. अठरा हजार सांगतोय. घेऊ का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नका घेऊ. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, स्पीकर तेच, अ‍ॅम्प्लिफायर तोच, वायरही तीच, मग बदललं काय? खोली.

आधी वायरचा हिशोब सांगतो. 2.5 चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण 7 मिलिओहम. स्पीकर 5 मीटरवर असेल तर जाऊन-येऊन 10 मीटर, म्हणजे 0.07 ओहम, आणि समोर 8 ओहमचा स्पीकर. आवाजात फरक पडतो 0.1 डेसिबलपेक्षाही कमी, तोही जवळपास सगळ्या सुरांना सारखाच, वायर काही पेटीचा सूर निवडून दाबत नाही. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम 6 टक्के चांगली वाहक, मुलाम्यात तर ती नावापुरतीच असते.

मी स्वतः यातून गेलोय. एका दुकानातून महागडी केबल आणली, आठवडाभर मला खरंच आवाज गोड लागत होता. मग मुलाला म्हटलं, मला न सांगता मागून केबल बदलत राहा. दहापैकी पाच वेळा बरोबर ओळखली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं. तो पैसा गेल्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला इतकं कळकळीने सांगतोय.

आता खोलीकडे वळू. आपला कान 2 ते 5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट ऐकतो, आणि नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत टाइल्स, कोऱ्या भिंती, काचेच्या सरकत्या खिडक्या, सगळं तोच पट्टा परत तुमच्यावर फेकतं. हॉलच्या मध्ये उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा, मागे पत्र्यावर खडे पडल्यासारखं टर्रर्र ऐकू आलं तर चोर सापडला. मग घरातलंच सामान काढा. स्पीकर आणि तुमच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी, जमलं तर दोन घड्या घालून. तुम्ही नेहमीच्या जागी बसा, कोणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायला सांगा, जिथे आरशात स्पीकर दिसेल तिथे एक जाड गोधडी टांगा, दुसऱ्या भिंतीवरही तसंच. पातळ पडद्याने फारसं काही होत नाही. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भोंगा, कानाच्या उंचीवर आलाय ना तेही बघा. मग तीच चीज परत लावा. फरक पडला तर गोधडीच्या जागी पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा कायमचा करता येईल, आणि थोडी बोच उरलीच तर इक्वलायझरवर 3 किलोहर्ट्झच्या आसपास 2-3 डेसिबल उतरवा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

वायरमध्ये बघायचंच असेल तर तिची टोकं बघा. उघडं तांबं हिरवं-काळं पडलं असेल तर सेंटिमीटरभर कापून नवीन सोला, पिळ घट्ट द्या आणि तारेचा एकही बारीक धागा बाहेर राहू देऊ नका. एका स्पीकरला लाल-काळी उलटी तर लागली नाही ना, हेही तपासा, तसं असलं की बास गायब होतो, गळा मधोमध बसत नाही आणि वरचेच सूर अंगावर येतात.

प्रश्न : रेकॉर्ड प्लेअर खिडकीजवळ हलवला आणि प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या फोनो प्रीअ‍ॅम्पपर्यंत 1 मीटरऐवजी 3 मीटरची केबल टाकली. आता एलपी कर्कश वाजतात. हा भास आहे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : भास नाही, इथे दोष खरोखर केबलचाच आहे. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग, त्यातल्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट प्रकारात सुईबरोबर चुंबक हलतो. त्याच्या कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) मोठा, बऱ्याच वेळा अर्ध्या हेन्रीच्या आसपास, आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरमागे साधारण 100 पिकोफॅराड. दोन्ही मिळून वरच्या सुरांत एक उंचवटा तयार होतो. एकूण 200 पिकोफॅराड असेल तर तो 16 किलोहर्ट्झच्या आसपास, फारसा जाणवत नाही, पण 500 झाले की तो 10 किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरतो आणि तिथे टोचायला लागतो. बरीच कार्ट्रिजं 100 ते 200 मागतात, आणि त्यात टोनआर्मची, म्हणजे सुईच्या दांडीतली, वायर आणि प्रीअ‍ॅम्पचं इनपुटही धरायचं असतं. म्हणून प्रीअ‍ॅम्पच उचलून प्लेअरशेजारी ठेवा आणि लांब केबल त्याच्या पुढे अ‍ॅम्प्लिफायरकडे न्या, तिथे ती काही त्रास देत नाही. 1 मीटरची जुनी केबल टाकून दिली नसेल तर आज रात्रीच लावून बघा.