पाकीट मुंबईत पोचलं, तिथून पुढे?

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. जुन्या नाण्यांचा नाद आहे. लंडनच्या एका नाणेविक्रेत्याकडून २० जूनला आंग्र्यांच्या टांकसाळीचा अलिबागी रुपया आणि चांदीची आणखी तीन नाणी घेतली. टपालखर्चासकट ६४० पौंड क्रेडिट कार्डावर भरले. पाठवण्याचे दोन पर्याय होते. विम्याचं कुरिअर महाग पडत होतं म्हणून मी रजिस्टर्ड टपाल निवडलं. कस्टम्स वाचावं म्हणून पाकिटावर ‘भेटवस्तू, २० पौंड’ लिहा असं मीच ईमेलने कळवलं. २४ जूनला पाकीट टपालात पडलं, ९ जुलैला मुंबईच्या विदेश डाकघरात पोचल्याची नोंद दिसते, पुढे काही नाही. विक्रेता म्हणतो, बिलावर छापलंय, टपालात टाकलं की आमची जबाबदारी संपली. आमचं पोस्ट म्हणतं, इथे आलंच नाही. मध्यंतरी मुंबईहून एक सरकारी पत्र आलं होतं, पण ते पडवीच्या कडेला पडून पागोळ्यांखाली भिजलं आणि त्याचा लगदा झाला. आता टपाल खात्यावर ग्राहक आयोगात दावा लावू की पोलिसात जाऊ?

उत्तर : गुरुजी, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ती म्हणजे तो लगदा.

परदेशातून टपालाने आलेली वस्तू मुंबईला बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात उतरते आणि तिथे कस्टम्सच्या नजरेखालून जाते. आतली वस्तू आणि वरचा मजकूर जुळत नाही असं वाटलं, तर कस्टम्स ज्याच्या नावाने पाकीट आलंय त्याला पत्र घालून बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि ओळखपत्र मागतं. उत्तर आलं नाही, तर पाकीट काही काळ पडून राहतं आणि मग पाठवणाऱ्याकडे परत जाऊ शकतं. चांदीची चार नाणी आणि वर ‘भेटवस्तू, २० पौंड’ ही जोडी कुणाच्याही डोळ्यांत भरेल. म्हणजे तुमचं पाकीट हरवलंय हे अजून ठरलेलंच नाही. ते अडकलेलं असू शकतं, परतीच्या वाटेवर असू शकतं, किंवा खरंच गहाळ झालेलं असू शकतं. यातलं कुठलं, हे कळल्याशिवाय दावा कुणावर लावणार?

तेव्हा आधी विदेश डाकघराला स्पीड पोस्टने पत्र पाठवा. ट्रॅकिंगचा तेरा अक्षरांचा पूर्ण क्रमांक, तुमचा पत्ता आणि पिनकोड लिहा आणि आलेलं पत्र पावसात खराब झालं हेही स्पष्ट सांगा. त्याच दिवशी टपाल खात्याच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडावी लागते. टपाल खात्याची चौकशी करायला टपाल खात्याचीच पोस्टल ऑर्डर लागते, ही गंमत मला दर वेळी आवडते. मोघम विचारू नका. या क्रमांकाचं पाकीट कुठल्या तारखेला मिळालं, कस्टम्सपुढे कधी ठेवलं, पत्र कुठल्या पत्त्यावर गेलं, पाकीट पुढे कुठल्या बॅगेतून कुठे रवाना झालं, की परत गेलं, असं तुकड्यातुकड्याने विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आता ‘भेटवस्तू’. गुरुजी, वर्गातल्या मुलाने हे केलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतं. एक तर ही युक्ती कालबाह्य आहे. डिसेंबर २०१९ पासून शुल्कमाफीच्या सवलतीत भेट म्हणून येऊ शकतात त्या फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधं. तुमचा अलिबागी रुपया यातल्या कशात बसवायचा? दुसरं, खोटी किंमत लिहिलेला माल कस्टम्स कायद्याच्या कलम १११ खाली जप्त होऊ शकतो आणि कलम ११२ खाली दंडही होऊ शकतो. म्हणून पाकीट विदेश डाकघरातच असेल तर त्यांनी विचारायची वाट पाहू नका. खरं बिल आणि कार्डाचं विवरणपत्र स्वतःहून द्या, शुल्क भरा, दंड लावला तर तोही भरा. तो ईमेल पुसायचा मोह आवरा. त्याची प्रत लंडनला आहेच.

टपाल खात्यावरच्या दाव्याबद्दल मी उत्साह दाखवणार नाही. १८९८ च्या जुन्या कायद्याचं कलम ६ टपाल खात्याला वाचवत असे. १८ जून २०२४ पासून त्याच्या जागी पोस्ट ऑफिस कायदा, २०२३ आला, पण संरक्षण कायम आहे. आता ते कलम १० मध्ये आहे. नियमांनी जेवढी जबाबदारी ठरवली असेल तेवढीच खात्याची. कर्मचारी सापडतो तो त्याने लबाडी केली किंवा मुद्दाम नुकसान केलं तरच. ग्राहक आयोगांचे निकाल दोन्ही बाजूंनी आहेत, पण लबाडीचा पुरावा हातात नसताना वर्षभर रत्नागिरीच्या खेपा मारा असं मी सांगणार नाही. आंतरराष्ट्रीय टपाल करारानुसार रजिस्टर्ड पाकीट गहाळ झालं तर भरपाई ३० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबापुरतं चलन), म्हणजे सुमारे साडेतीन हजार रुपये आणि ती सहसा पाठवणाऱ्याला मिळते. त्याच करारात मूळ नियम असा, की नाणी आणि सोनंचांदी विमा न उतरवलेल्या पत्रटपालात घालायची नाहीत. काही देश रजिस्टर्डमध्ये चालवून घेतात एवढंच. तरीही विक्रेत्याला त्याच्याकडच्या टपालात चौकशी अर्ज द्यायला लावा. मुदत टपालात टाकल्यापासून सहा महिन्यांची, म्हणजे तुमच्या बाबतीत २४ डिसेंबर. तीनेक हजार रुपयांपेक्षा ‘पाकीट पोचलं नाही’ असं टपाल खात्याचं लेखी उत्तर तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

तुमचा खरा प्रतिपक्ष लंडनला बसलाय आणि तिथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम आहे.

आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्यात, कलम ३९ प्रमाणे, विक्रेत्याने माल वाहतूकदाराच्या हवाली केला की सकृतदर्शनी तो ग्राहकालाच दिल्यासारखा होतो. तुमचा विक्रेता त्याच थाटात बोलतोय. पण तुम्ही बिलाची प्रत जोडलीत हे बरं केलंत, कारण जबाबदारी झटकणाऱ्या त्या ओळीच्या दोनच ओळी खाली ‘या व्यवहाराला इंग्लंडचा कायदा लागू’ असं छापलंय. आता इंग्लंडचा कायदा काय म्हणतो? तिथल्या ग्राहक हक्क कायदा, २०१५ च्या कलम २९ नुसार व्यापाऱ्याने ग्राहकाला विकलेली वस्तू प्रत्यक्ष ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंत तिची जोखीम व्यापाऱ्याची असते. कलम ३१ पुढे सांगतं, की ही जबाबदारी बिलावर काही छापून टाळता येत नाही. थोडक्यात, ती ओळ त्यांच्याच कायद्याने बाद आहे.

यात एक अपवाद आहे. ग्राहकाने स्वतःच वाहतूकदार नेमला आणि तो विक्रेत्याने सुचवलेल्यांपैकी नसेल, तर जोखीम ग्राहकाची. तुम्ही मात्र त्यानेच पुढे ठेवलेल्या दोन पर्यायांतला एक निवडलात. स्वस्तातला निवडला म्हणून तुम्ही स्वतःला दोष देताय, तो सोडून द्या. हे संरक्षण ग्राहकाला आहे, व्यापाऱ्याला नाही. तुम्ही नाणी छंद म्हणून जमवता, विकत नाही, असं धरून मी हे लिहितोय. तुम्ही जर अधूनमधून विक्री करत असाल तर मला पुन्हा लिहा.

विक्रेत्याला ईमेल करा, लहान आणि कोरडी. ९ जुलैनंतर पाकिटाचा पत्ता नाही, वस्तू माझ्या ताब्यात आलेली नाही, कलम २८ प्रमाणे आणखी १४ दिवस देतो, तोवर वस्तू द्या, नाहीतर करार संपला असं समजून ६४० पौंड परत करा. कलम २९ आणि ३१ चा उल्लेख करा. पाकीट त्याच्याकडे परत आलंय का, हेही विचारा. किमतीच्या मजकुराबद्दल तो तुमच्यावर उलटेल. कबूल करा, सारवासारव करू नका. त्या मजकुरामुळे पाकीट अडकलं असं निघालं, तर दोष दोघांचा, कारण सांगणारे तुम्ही आणि लिहिणारा तो, आणि मग थोडं कमी घेऊन मिटवायची तयारी ठेवा. पाकीट खरोखर गहाळ झालं असेल तर त्या मजकुराचा गहाळ होण्याशी संबंध नाही.

पण या सगळ्याच्या आधी बँक. कार्डाच्या व्यवहारात वस्तू मिळाली नाही म्हणून पैसे परत मागण्याला चार्जबॅक म्हणतात आणि त्याची मुदत साधारण १२० दिवसांची असते. कधी ती व्यवहाराच्या तारखेपासून मोजतात, कधी वस्तू यायला हवी होती त्या तारखेपासून. वादात पडू नका. २० जूनपासून मोजले तर १२० दिवस १८ ऑक्टोबरला भरतात. तीच शेवटची तारीख समजा. राजापूरच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्याच, पण कार्ड विभागालाही ईमेल करा, कारण शाखेतला कागद कार्ड विभागापर्यंत पोचेलच याची मी हमी देणार नाही. बिल, ट्रॅकिंगचं पान आणि विक्रेत्याचा नकार सोबत जोडा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नुसतंच नाकारलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

पोलिसात आत्ता जाऊ नका. चोरी झाली असं दाखवणारं तुमच्याकडे काही नाही. माहिती अधिकारात पाकीट फोडल्याची किंवा वजन घटल्याची नोंद निघाली, तर मात्र तो कागद घेऊन माझ्याकडे या. विक्रेत्यावर रत्नागिरीच्या आयोगात तक्रार कागदोपत्री बसते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण आदेश लंडनला बजावणार कोण? तिथे दहा हजार पौंडांपर्यंतचे छोटे दावे चालवणारं न्यायालय आहे. त्याचा उल्लेख ईमेलच्या शेवटी केलात तरी पुष्कळ काम होतं.

आणखी एक. पैसे परत मिळाले आणि पुढे दिवाळीत पोस्टमन ते पाकीट घेऊन दारात उभा राहिला, तर? ते ठेवून घेतलं तर पैसे परत करावे लागतील. आणि ‘नाणी टपालाने परत पाठवतो’ असं विक्रेत्याला कबूल करून बसू नका. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४० मध्ये खालसा झालं, म्हणजे तुमचा रुपया शंभर वर्षांहून कितीतरी जुना आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने तो पुरावस्तू ठरतो आणि अशी वस्तू देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला मनाई आहे. दारातून परतवायची असेल तर पाकीट न फोडता पोस्टमनकडूनच परत धाडा. एकदा फोडलंत की तो रुपया राजापूरचाच.