व्हॅम्पायर दारात, आई कामावर

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'द लॉस्ट बॉइज' हे नवं म्युझिकल येतंय. पॅलेस थिएटरमध्ये 27 मार्च 2026 पासून पूर्वप्रयोग आणि 26 एप्रिलला शुभारंभ, असं जाहीर झालंय. 1987 च्या त्याच नावाच्या हॉलिवूड सिनेमावर ते बेतलंय. मुलं-नातवंडं तिकडे असलेल्या वाचकांनी त्याबद्दल बरंच काही विचारलंय, म्हणून या अंकातलं सदर त्याच विषयाला दिलंय.

प्रश्न : मुलगा-सून न्यू जर्सीत एडिसनला असतात. जूनमध्ये आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. चौदा वर्षांच्या नातीने सगळ्यांनी मिळून हे व्हॅम्पायरचं नाटक बघायचं ठरवलंय. हे म्हणतात, रक्तबिक्त बघायला एवढे डॉलर कशाला घालायचे? साठी उलटलेल्या माणसांनी त्यात बघायचं तरी काय? — एक वाचक भगिनी, नाशिक

ताई, जरूर जा, आणि यजमानांनाही घेऊन जा. गोष्टीत रक्त आहे, ते मी लपवत नाही. पण तिची सुरुवात सामान भरलेल्या गाडीपासून होते. सिनेमातलं सांगते. नुकताच घटस्फोट झालेली लूसी मायकेल आणि सॅम या दोन मुलांना घेऊन ॲरिझोनातल्या फिनिक्सहून कॅलिफोर्नियातल्या सांता कार्ला या समुद्रकाठच्या गावात येते. गाव काल्पनिक आहे. बरंचसं चित्रीकरण सांता क्रूझला, तिथल्या पाळण्यांच्या आणि खेळांच्या बोर्डवॉकवर झालं होतं. हाताशी पैसा नाही, म्हणून लूसी वडिलांच्या घरी राहायला आलीय. हे आजोबा मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरत बसतात, आणि आल्या आल्या नातवांना बजावतात की फ्रिजमधला दुसरा कप्पा माझा, त्यातल्या रूट बिअर या गोड पेयाला आणि बिस्किटांना हात लावायचा नाही. माहेरी परतलेली लेक, तिची वाढत्या वयाची मुलं आणि स्वतःचे नियम न सोडणारा बाप. या घरात तुम्हाला परकं वाटणार नाही.

लूसी व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात नोकरी धरते. दुकानाचा मालक मॅक्स सभ्य, अदबशीर माणूस; तो तिला जेवायला घेऊन जातो. इकडे थोरला मायकेल बोर्डवॉकवर एका मुलीच्या मागे जातो आणि डेव्हिड नावाच्या पोराच्या मोटरसायकलवाल्या व्हॅम्पायर टोळक्यात सापडतो. मग रात्रभर बाहेर, दिवसभर झोप, घरातही डोळ्यांवर काळा चष्मा. आईने विचारलं तर धड उत्तर नाही. आई दोन घास मिळवायला बाहेर पडलेली, आणि नेमक्या त्याच वेळात मुलगा हातचा निसटतोय. तुमच्या-माझ्या ओळखीच्या किती घरांत हे घडून गेलंय! म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही आईवर लक्ष ठेवा. ती भूमिका शोशाना बीनकडे आहे. ब्रॉडवेवरच्या 'विकेड'मध्ये तिने एल्फाबा ही मुख्य भूमिका केली होती, आणि 'हेल्स किचन'मध्ये सतरा वर्षांच्या मुलीची एकटी आई. एवढ्या ताकदीची गायिका आईच्या भूमिकेला घेतलीय, यावरून दिग्दर्शक मायकेल आर्डेनने या घराकडे किती गांभीर्याने बघितलंय ते मला दिसतं. आर्डेनला 2025 मध्ये 'मेबी हॅपी एंडिंग'साठी ब्रॉडवेचा मानाचा टोनी पुरस्कार मिळाला. त्या नाटकात दक्षिण कोरियातल्या सोल शहरातल्या एका इमारतीत समोरासमोरच्या खोल्यांत राहणारे, निकामी ठरवलेले दोन यंत्रमानव आहेत. माणूस नसलेल्यांचा एकटेपणा त्याला रंगमंचावर मांडता येतो. व्हॅम्पायरच्या नाटकाला मी आणखी काय मागू?

भाषेची काळजी करू नका. इंग्रजी वाचता येतं पण गाण्यातले शब्द कानाला पकडता येत नाहीत, अशी आपल्याकडच्या पुष्कळांची अडचण असते. ब्रॉडवेवर 'गालाप्रो' नावाचं ॲप आहे. फोनच्या काळ्या पडद्यावर संवाद आणि गाण्यांचे शब्द प्रयोगाबरोबर सरकत राहतात, शेजारच्यांना त्याचा त्रास होत नाही. नव्या नाटकाला ही सोय शुभारंभानंतर काही आठवड्यांनी सुरू होते, तेव्हा मुलाला तिकिटं काढतानाच विचारून घ्यायला सांगा. आणि नातीला जाण्याआधी आणि परतताना भरपूर बोलू द्या.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. व्हॅम्पायरच्या गोष्टींत कायम आमच्याच वयाची मुलं का असतात? मोठ्यांना आम्ही राक्षस वाटतो का? — एक वाचक, सांगली

तुझा प्रश्न मला फार आवडला. राक्षस नाही गं वाटत. पण तू सतरा वर्षांची आहेस म्हणजे एक पाय घरात आणि एक बाहेर, आणि व्हॅम्पायरची सगळी गोष्टच उंबरठ्याची आहे. त्याचा जुना नियम तुला माहीत असेल: बोलावल्याशिवाय तो घरात पाऊल टाकू शकत नाही. 'लॉस्ट बॉइज'मध्ये या नियमाचा वापर फार हुशारीने केलाय. धाकट्या सॅमला एका माणसाचा संशय येतो, म्हणून तो आणि त्याचे मित्र त्याला जेवणाच्या टेबलावरच तपासतात. चीज म्हणून लसूण वाढतात, आरसा दाखवतात, पाणी उडवतात. माणूस सगळ्या परीक्षांत पास होतो. का, ते सांगत नाही. एवढंच म्हणते, की त्याला घरात कुणी बोलावलं ते नीट बघ.

दुसरं म्हणजे, या गोष्टीत अर्धवट व्हॅम्पायर ही एक अवस्था आहे. मायकेलने टोळक्याच्या नादाने बाटलीतलं रक्त प्यायलंय, पण अजून कुणाचा जीव घेतलेला नाही. जोपर्यंत घेत नाही, तोपर्यंत परतीची वाट उघडी आहे. आरशात तो अर्धाच दिसतो. तुझ्या वयाचं इतकं खरं चित्र मला फार थोड्या नाटक-सिनेमांत दिसलंय. आपलं काय होतंय ते त्याचं त्यालाच कळत नाही, आणि ज्यांना सांगावं त्यांच्यापासूनच तो लपवतो. सॅमला आरशात भावाचं ते अर्धं रूप दिसतं, तेव्हा तो किंचाळतो, घाबरतो, आणि पहिली धमकी काय देतो? 'थांब, आईला कळू दे!' मला ती जागा अतिशय प्रिय आहे. भाऊ रक्त पिणारा झाला तरी तक्रार आईकडेच जायची.

आणि नावाचं म्हणशील, तर ते जे. एम. बॅरीच्या 1904 च्या 'पीटर पॅन' नाटकातून आलंय. त्यातला पीटर कधी मोठा होत नाही, आणि त्याच्या टोळीतली हरवलेली मुलं वेंडी नावाची मुलगी भेटताच तिला आपली आई व्हायला सांगतात. व्हॅम्पायरही वयाने वाढत नाही. या टोळक्यालाही आई हवी असेल का, हा प्रश्न मनात धरून नाटक बघ. घर मोडलेल्या मुलांना डेव्हिड पार्टी देतो, वेग देतो, आणि मुख्य म्हणजे 'तू आमच्यातला' असं म्हणतो. तेवढं एक वाक्य घरात वेळेवर ऐकू आलं असतं तर मायकेल टोळक्याच्या गुहेत उतरला असता का? मला वाटतं, नसता.

प्रश्न : ब्रॉडवेवर व्हॅम्पायरची म्युझिकल्स पडतातच, असं वाचलं. मग निर्माते पुन्हा पुन्हा पैसा का घालतात? — एक वाचक, ठाणे

वाचलंत ते बरोबर आहे. 'डान्स ऑफ द व्हॅम्पायर्स' डिसेंबर 2002 मध्ये उघडलं आणि 56 प्रयोगांत, जानेवारी 2003 मध्ये बंद पडलं. 2004 च्या 'ड्रॅक्युला'चे 157 प्रयोग झाले. 2006 मध्ये एल्टन जॉनचं संगीत असलेलं 'लेस्टाट' 39 प्रयोगांत आटोपलं, आणि तेही याच पॅलेस थिएटरमध्ये.

पण यातलं पहिलं नाटक मुळात व्हिएन्नाचं. 'टान्झ डेर व्हॅम्पायर' या नावाने ते 4 ऑक्टोबर 1997 ला तिथल्या राइमुंड थिएटरात आलं. संगीत जिम स्टाइनमनचं, संहिता मिखाएल कुन्त्सेची. जर्मन भाषेच्या मुलखात ते आजवर परत परत येत राहिलंय. मी ते व्हिएन्नातच, रोनाखर थिएटरात पाहिलं. व्यावसायिक रंगभूमीवर पार्श्वसंगीताचं काम केल्यामुळे मी आधी वाद्यवृंदाकडे कान देऊन बसते. त्या रात्री मात्र माझं लक्ष एका दारावर खिळलं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका खानावळीचा मालक, शागाल, वयात आलेल्या मुलीच्या, साराच्या, खोलीच्या दाराला फळ्या ठोकतो. मुलगी सुंदर आहे, कुणाची नजर पडू नये म्हणून. हातोड्याचे ठोके गाण्याच्या लयीत पडतात आणि प्रेक्षक हसतात. पुढे व्हॅम्पायर असलेला सरदार, काउंट फॉन क्रोलॉक, साराला आपल्या नाचाचं आमंत्रण देतो, लाल बूट पाठवतो, आणि ती मुलगी बर्फातून पळत त्याच्या वाड्याकडे जाते. त्या बापाच्या ठोक्यांचा अर्थ मला तेव्हा लागला. तिच्यामागे धावत गेलेला शागाल गारठलेला, गळ्यावर दातांच्या खुणा घेऊन परत आणला जातो. त्याची बायको रडते ते ऐकताना सभागृहात कुणीही हसत नव्हतं.

ब्रॉडवेच्या आवृत्तीत नेमकं हेच बिघडलं, असं माझं ठाम मत आहे. विनोद वाढवत नेले, घराचं दुःख पातळ झालं, आणि मग राहिले फक्त सुळे आणि झगे. ज्या घरावर संकट येतंय त्या घरावर प्रेक्षकाचा जीव जडला नसेल, तर व्हॅम्पायर कितीही उंच सुरात गाऊ दे, कुणाला भीती वाटत नाही. क्रोलॉकचं ते मोठं गाणं आठवतं. 1617 च्या उन्हाळ्यापासून ज्यांच्यावर जीव जडला ती सगळी आपल्याच हातून कशी मेली, ते तो एकेक करून सांगतो. आधी शागालचं घर पाहिलेलं असतं, म्हणून ते गाणं काळजात घुसतं. 'लॉस्ट बॉइज'ला घर आयतं मिळालंय. ते त्यांनी जपलं, तर आधीची तीन अपयशं त्यांच्या आड येणार नाहीत.

प्रश्न : आपल्या संगीत नाटकासारखा तिकडे 'वन्स मोअर' मिळतो का? — एक नाट्यसंगीतप्रेमी, म्हापसा

नाही मिळत. आपल्याकडे पद रंगलं की नट ते वाढवतो, ऑर्गन आणि तबला त्याच्यामागे जातात, आणि वन्स मोअर आला की पुन्हा सुरुवात. ब्रॉडवेवर गाण्याच्या ठरलेल्या स्वरावर प्रकाश बदलतो, नेपथ्य सरकतं. एक गाणं दोनदा घेतलं तर सगळं घड्याळ मोडेल. पण तीच चाल पुढे दुसऱ्या प्रसंगात, दुसऱ्या पात्राच्या तोंडी, वेगळ्या शब्दांत परत येते. ती येते तेव्हा कान टवकारून ऐका. पहिल्या अंकात आईने म्हटलेली चाल दुसऱ्या अंकात मुलाच्या तोंडी आली, तर नाटककाराला जे बोलून दाखवायचं नव्हतं ते तिथे ऐकू येतं.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या एकांकिकेत व्हॅम्पायर उडवायचा विचार करतोय. तिकडे माणसं कशी उडवतात? दोराने जमेल का? — एक विद्यार्थी, पुणे

दोराने अजिबात करू नका. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

तिकडे या कामाला शंभर वर्षांहून मोठी परंपरा आहे. 'पीटर पॅन'मध्ये 1904 पासूनच नट तारेवर उडत होते. इंग्लंडमधला पीटर फॉय 1950 मध्ये ब्रॉडवेवरच्या 'पीटर पॅन'साठी अमेरिकेत आला, 1954 मध्ये त्याने मेरी मार्टिनला सबंध रंगमंचावर झुलवलं, आणि 1957 मध्ये 'फ्लाइंग बाय फॉय' ही कंपनी काढली. नटाच्या कपड्यांखाली कमरेला आणि मांड्यांना घट्ट बसणारा पट्टा असतो, त्याला पोलादी तारा जोडतात. एकच तार असली तर नट स्वतःभोवती गिरकी घेतो, दोन असल्या तर तो समोर तोंड करून स्थिर राहू शकतो. वर उचलणं आणि आडवं नेणं या दोन वेगळ्या हालचाली आहेत. पूर्वी त्या विंगेतली शिकलेली माणसं दोर ओढून करत, आता पुष्कळ ठिकाणी संगणकावर चालणाऱ्या मोटारी करतात. वरची तुळई किती भार घेते हे अभियंता मोजून देतो. त्यांच्या वास्तुकामाची हिंमत केवढी ते पॅलेस थिएटरवरूनच बघा. 1913 चं हे सभागृह, सुमारे सात हजार टन वजनाचं, 2022 मध्ये अखंडच्या अखंड तीस फूट वर उचललं आणि त्याच्या खाली दुकानं केली.

तुमच्याकडे असला अभियंता नाही आणि उडवण्याचं काम शिकलेला माणूसही नाही. पण 'लॉस्ट बॉइज'च्या मूळ सिनेमात काय केलंय ते बघा. बऱ्याच ठिकाणी उडणारा व्हॅम्पायर दिसतच नाही. कॅमेराच व्हॅम्पायर होतो, वरून झेपावत खाली येतो, आणि आपल्याला दिसतो तो वर बघणारा घाबरलेला माणूस. रंगमंचावर हे तुम्हाला सहज करता येईल. एक स्पॉट वरून हळूहळू सरकवा, बाकी सगळा अंधार ठेवा, आणि तुमच्यातल्या सगळ्यात चांगल्या नटाला त्या उजेडाकडे बघत मागे मागे जायला लावा. आवाजासाठी विंगेत दोघांना जाड चादर झटकत उभं करा, एकाला डाव्या आणि एकाला उजव्या बाजूला. झटका आधी डावीकडून, मग उजवीकडून आला, की प्रेक्षकांच्या माना आपोआप वळतील. तालीम मात्र रिकाम्या वर्गात न करता नाट्यगृहातच करा; चादरीचा आवाज वर्गात मोठा वाटतो आणि भरलेल्या सभागृहात निम्मा होतो.