गरम झाली की बंद पडते

प्रश्न (म्हापसा): माझी पेट्रोल गाडी २०१२ची, ९२,००० किलोमीटर चाललेली. सकाळी पणजीला जाताना काही तक्रार नसते. दुपारी परतताना पर्वरीच्या गर्दीत अडकलो की अचानक बंद पडते. पंधरा-वीस मिनिटे थांबले की चावी फिरवताच सुरू. प्लग बदलले, पेट्रोल पंपही बदलला. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. आता काय बदलू?

उत्तर: आता काहीच बदलू नका. गॅरेजला पोहोचेपर्यंत इंजिन निवते, दोष लपतो आणि मग अंदाजाने पार्ट बदलले जातात. तपासणी व्हायला हवी ती गाडी बंद पडली त्याच जागी, पहिल्या पाच मिनिटांत.

पण आधी सुरक्षा. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला बूस्टरचा (पाय हलका करणाऱ्या मदतनीस भागाचा) जोर एक-दोन दाबांपुरताच उरतो आणि स्टिअरिंग जड होते. एकदाच घट्ट ब्रेक दाबून गाडी कडेला घ्या. चालती गाडी असताना चावी लॉकपर्यंत मुळीच फिरवू नका.

आता चावी ऑन करा. मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येते का? आली नाही तर पंपाचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि कनेक्टर पाहा. आली तर स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे लक्ष द्या. इंजिन फिरत असताना काटा साधारण २००-३००वर हलायला हवा. शून्यावरच चिकटून राहिला तर पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन फिरतेय हे गाडीच्या संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरवर. काही गाड्यांत स्टार्टर मारताना काटा हलतच नाही, म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) लावून त्यावरचा आरपीएम वाचणे जास्त खात्रीचे. पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या दोषाचा कोड मिळाला तर उत्तमच, पण क्षणभराचा दोष असेल तर तो नोंदला जातोच असे नाही. दिवा न लागणे म्हणजे दोष नसणे, असे समजू नका.

बंद पडतानाचे लक्षणही बोलके असते. चालत्या गाडीत काटा एकदम शून्यावर आला तर सिग्नल किंवा वीज तुटली. काटा डळमळत, अडखळत खाली गेला तर पेट्रोल किंवा हवेचा प्रश्न. मग थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवरचा) कार्बन, उघडाच अडकलेला पर्ज व्हॉल्व (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) आणि इंधनाचा दाब पाहायचा. या गाड्यांत दाब बहुधा ३ बारच्या आसपास असतो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या.

सेन्सर गरम झाल्यावरच का दगा देतो? आतल्या गुंडाळीची बारीक तार किंवा डाग दिलेला जोड कुठेतरी तडकलेला असतो. उष्णतेने तो प्रसरण पावून सुटतो, निवल्यावर पुन्हा चिकटतो. म्हणून गाडी बंद पडताच फक्त सेन्सरवर ओले फडके ठेवा (तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी सांडू देऊ नका). गाडी लगेच सुरू झाली तर गुन्हेगार जवळजवळ सापडला. दोन तारांचा सेन्सर असेल तर मल्टीमीटरने थंड आणि गरम असा दोनदा मोजा. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. म्हणजे ३० अंशांना ८०० ओहम असेल तर ९० अंशांना ९८०च्या आसपास येणे स्वाभाविक. तो अनंत दाखवू लागला तर सेन्सर गेला. तीन तारांच्या सेन्सरला मात्र ओहममीटर लावू नका. तिथे पुरवठ्याचे व्होल्ट आणि सिग्नल तपासायचा.

आणखी एक, गोव्यात हे विसरू नये: खाऱ्या हवेत अर्थची पट्टी (बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला जोडणारी) हिरवी पडते आणि वीज नीट जात नाही. स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांत ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर पट्टी सोडून घासा, पुन्हा घट्ट आवळा.

प्रश्न (कुडचडे): कार्बुरेटरची जुनी गाडी अनमोड घाट चढताना दम तोडते. कारण?

उत्तर: बंद पडताच पेट्रोल टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी सुरू झाली तर झाकणाचा श्वासमार्ग तुंबलाय. आवाज नसेल तर एक्झॉस्टजवळून जाणारी पेट्रोलची नळी पाहा. तिच्यात वाफ कोंडते. नळी दूर बांधा किंवा तिला उष्णतारोधक कवच चढवा.